कावेरीची पहिली थाप

“मानवी मेंदूच्या इतिहासातला सुवर्णक्षण आता या खोलीत घडणार आहे!” असं म्हणून डॉ. केळसकरबाईंनी टेबलावर रव्याचा एक लाडू ठेवला.

डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांच्या मेंदूची वाढ जन्माआधीपासूनच औषधानं सावरता येऊ लागली होती. शेवटचा डोस मात्र मूल पहिली थाप मारेल तेव्हाच मिळे. आपल्या मनातलं समोरच्याला दिसत नाही, हे उमगल्याशिवाय थाप मारता येत नाही, असं शास्त्र होतं. सहावं वर्ष लागलं की डोस लागू पडत नसे, आणि समोर बसलेल्या कावेरीचा पाचवा वाढदिवस येत्या सोमवारी होता.

कावेरीला एकटं सोडून मोठी माणसं बाहेर जाऊन आली. लाडू गायब.

“लाडू कुणी खाल्ला, कावेरी?”

“मी. बेदाणा थुंकला.”

“अगं, मांजरानं खाल्ला म्हण की!” आई कपाळाला हात लावून म्हणाली. “महिनाभर शिकवतेय हो, बाई. आमच्या सात पिढ्यांत एवढं खरं कुणी बोललं नसेल!”

बाबांनी घसा खाकरला. “काल घरी मारली होती तिनं थाप. तेवढं लिहून घ्या ना.”

“बाबाच थाप मारतायत,” कावेरी म्हणाली. “त्यांना वाटतं, तुम्हाला कळणार नाही.”

“हिला उमगलंय की!” डॉक्टरबाई म्हणाल्या. मग त्यांनी डोसच्या कागदावर सही केली. आईला हुंदका आवरेना.

“मावशी,” कावेरी डॉक्टरबाईंना म्हणाली, “मला शू लागलीय. नाडी सोडता का?”