मांडीवरचं हेल्मेट

अपघातात गेलेल्या धनंजयचं पिवळं हेल्मेट मांडीवर घेऊन दगडू आखातातल्या मुसफ्फा गावच्या कंपनीच्या ऑफिसात कॅमेऱ्यासमोर साक्ष द्यायला बसला. क्रेनची वायर झिजली होती, आपण फोरमनला दोनदा सांगितलं होतं, तरी त्यानं ‘यल्ला, यल्ला’ अशी घाई करत धनंजयला क्रेनखाली उभं केलं. दगडूनं सगळं खरं सांगितलं, पण एकदाही मान वर न करता. कंपनी अमेरिकन, त्यामुळे धनंजयच्या बायकोनं भरलेला खटला तिकडे होता आणि ही टेप निकाल देणारे तिथले बारा ज्युरर बघणार होते. शोभनाला कंपनीच्या वकिलानं त्यासाठीच बोलावलं होतं. ती मानसशास्त्र शिकलेली; ज्युरर कुणावर विश्वास ठेवतात, हा तिचा अभ्यासाचा विषय. नजरेला नजर न देणारा माणूस त्यांना खोटारडा वाटतो, हे तिनं शंभरेक जणांना अशाच टेपा दाखवून पडताळलं होतं. “हा खाली का बघतोय? टेप पुन्हा घ्यायची?” कॅमेरा बंद झाल्यावर वकिलानं इंग्रजीत विचारलं. शोभनाला कारण ठाऊक होतं. चिपळूणचे तिचे काकाही साहेबापुढे असेच बोलायचे. वर बघणं म्हणजे उर्मटपणा. “नको,” ती इंग्रजीतच म्हणाली, “अशीच पाठवा. आपल्या फायद्याची आहे.” दगडूनं हेल्मेट बाहीनं पुसलं. “मॅडम, तुम्ही आपल्याकडच्या म्हणून विचारतो. मी नीट बोललो ना? धनंजयच्या बायकोला फोन करून सांगायचंय.” “अगदी नीट बोललात, दगडूभाऊ,” शोभना म्हणाली, हेल्मेटकडे बघत.