तुळशीची जागा

पप्पू मंडपवाल्यानं काठीनं राखेत पहिली रेघ ओढली आणि स्वप्नाली घरातून बाहेर आली. तिच्या लग्नासाठी घराशेजारचं रान थर्मल वीजकेंद्राची राख टाकून सपाट केलेलं, त्यामुळं रेघा चांगल्या ठसठशीत उमटत होत्या. हे स्टेज, ही बायांची बाजू, हे कूलर. स्टेजच्या अगदी समोर पप्पूनं एक लांबलचक चौकोन काढला आणि भारतरावांकडं बघितलं.

"हे साहेबांचे सोफे. सगळे पुढारी एका रांगेत बसतेत बघा."

भारतराव खूश झाले. लेकीच्या लग्नात पुढची रांग भरलेली दिसली नाही, तर एवढी वर्षं सिरसाळ्यात राजकारण करून मिळवलं काय?

त्या घरात नवरीला दोनच गोष्टी विचारायची पद्धत होती, शालूचा रंग आणि मेंदी काढणारीचं नाव. स्वप्नालीनं दोन्ही सांगून टाकल्या होत्या. आता डोक्यावर ओढणी घेऊन ती वैशाखाच्या उन्हात उभी होती ती तिसऱ्या गोष्टीसाठी, आणि ती तिला कुणी विचारली नव्हती.

"आबा, अक्षता पडताना आई कुठं असणार?"

लिंबाच्या सावलीत बाजेवर बसलेल्या भिवराबाईंनी मान वर केली. भारतरावांच्या या थोरल्या बहिणीच्या नजरेखालून गेल्याशिवाय भावकीतलं एकही लग्न पार पडत नसे. "कुठं म्हंजी? घरामागं, तुळशीपाशी. आज कळतंय व्हय तुला?"

स्वप्नालीला ते चांगलं ठाऊक होतं. थोरल्या बहिणीच्या, वनमालाच्या लग्नात ती आईला शोधत घरामागं गेली होती. भोंग्यावर मंगलाष्टका चाललेल्या आणि आई कांद्याच्या पोत्यांशेजारी एकटीच तुळशीला पाणी घालत उभी. बँड वाजला तसं आईनं विचारलं होतं, "झालं का गं लग्न?" ते शब्द स्वप्नालीच्या काळजात रुतून बसले होते. माझ्या लग्नात आईला हे कुणाला विचारावं लागणार नाही, हे तिनं तिथंच ठरवलं होतं.

"आत्या, रीत नेमकी काय हाय, नीट सांग बरं. चुकायला नको."

असं कुणी विचारलं की भिवराबाई फुलून यायच्या. "मंगलाष्टका सुरू झाल्या की नवरीच्या आईनं तुळशीला पाणी घालायचं. संपूस्तोर धार तुटू द्यायची न्हाई."

"बस, एवढंच?"

"एवढंच. पण मोडायची न्हाई."

"न्हाई मोडत." स्वप्नालीनं पप्पूच्या हातातली काठी घेतली आणि सोफ्यांच्या चौकोनाच्या ऐन मध्यात एक गोल काढला. "पप्पूदादा, तुळस इथं ठेवायची, कुंडीसकट. आई इथं उभी राहून पाणी घालंल."

पप्पूनं हसू लपवायला रुमालानं तोंड पुसलं. भारतरावांचा चेहरा मात्र पडला. "अन् साहेब कुठं बसतील? तुळशीच्या मागं?"

"साहेब कधी येळंवर आलेत का आबा? वनमालाक्काच्या लग्नात पंगती उठल्यावर आलते."

हे खरंच होतं, त्यामुळं भारतराव बहिणीकडं वळले. "आक्का, तू तरी सांग हिला."

"तुळस घरामागंच असती, पोरी," भिवराबाई म्हणाल्या.

"असं रीतीत कुठं हाय? तूच म्हणलीस, एवढंच."

स्वतःच्या दोन लेकींची लग्नं भिवराबाईंनीही घरामागं उभं राहून नुसती ऐकली होती. गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या आणि उन्हात आल्या. आधी गोल बघितला, मग स्टेज. त्यांनी काठीसाठी हात पुढं केला तेव्हा आता आत्या गोल पुसणार याची स्वप्नालीला खात्रीच वाटली.

भिवराबाईंनी काठी घेतली. "इथं नको," त्या म्हणाल्या. "इथं फोटोवाला आडवा येतो मेला. काई म्हणता काई दिसायचं न्हाई."

आणि थोडं बाजूला सरकून त्यांनी स्वतःच्या हातानं नवा गोल काढला, पहिल्यापेक्षा मोठा.

स्वप्नालीनं त्यांना कडकडून मिठी मारली. "सोड गं, ऊन लई हाय," म्हणत भिवराबाईंनी नाक ओढलं.

सत्यभामा, स्वप्नालीची आई, पप्पूसाठी पाण्याचा तांब्या घेऊन केव्हाची दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. स्वप्नाली पळत जाऊन स्टेजच्या रेघांमध्ये उभी राहिली. "आई, त्या गोलात ये बरं. दिसते का बघ मी."

सत्यभामानं सवयीनं नवऱ्याकडं पाहिलं. भारतराव सोफ्यांचा चौकोन न्याहाळत होते. तेव्हा ती चालत गोलात आली, पदर सारखा केला आणि तांब्या कलता केला.

पाणी राखेत पडलं आणि सोफ्यांची रेघ पुसत पुढं गेलं. तिनं खाली बघितलंच नाही. समोर ना मांडव होता ना नवरदेव, नुसती ओढणी घेतलेली लेक होती, आणि सत्यभामा तिच्याकडं एकटक बघत होती. तांब्या रिकामा झाला तरी तिचा हात तसाच कलता होता.

भारतराव किती तरी वेळ बायकोकडं बघत राहिले. मग ते पप्पूकडं वळले.

"पप्पू, सोफे मागं घे. अन् तुळशीपाशी तांब्या नको, घागर ठेव. भरलेली."