पाठीवरचं नाव

“तिचं नाव चालत नाही, मग तिने लिहिलेलं कसं चालतं?” हे विचारून दाखवच, अशी माझ्यासोबत काम करणाऱ्या टेसा आणि ब्रिनने पैज लावली होती, आणि मी ते आमच्या संस्थेच्या वकीलबाईंना भर बैठकीत विचारलं. नुकतेच संस्थेने आम्हाला नवे स्वेटशर्ट वाटले होते. भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारं आमचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या सगळ्यांची नावं दरवर्षी या स्वेटशर्टांच्या पाठीवर छापतात. यंदा गुलनारचं नव्हतं. ती इराणात, बंदर अब्बासला राहते, माझ्याच वयाची आहे, आणि त्यातलं अर्धंअधिक गणित तिचंच आहे. “तिच्या देशावर निर्बंध आहेत, बाळा,” वकीलबाई शांतपणे म्हणाल्या. “संस्थेला तिच्याकडून नवं काही घेता येणार नाही. जुनं मात्र खुल्या परवान्याचं. कुणीही घ्यावं, कुठेही न्यावं.” “कुणीही म्हणजे मीसुद्धा?” त्या हसल्या. “तूसुद्धा.” “घ्या, बाईंनीच दार उघडलं,” टेसा कानात पुटपुटली. संध्याकाळी बाबा लॉबस्टरचे पिंजरे उतरवून घरी आला, तेव्हा मी स्वेटशर्ट टेबलावर पालथा पसरला. माझ्या नावाच्या वर मी जाड मार्करने ‘गुलनार’ लिहिलं होतं. “संस्था सोडली मी,” मी म्हणाले. आईचा चमचा थांबला. “अगं, उन्हाळ्यात तिथेच नोकरी मिळणार होती ना तुला?” “होती. पण मी अख्ख्या सॉफ्टवेअरची वेगळी प्रत काढलीय, आणि तिच्यात पहिलं नाव गुलनारचं आहे. आणि बाबा, ती तळघरातल्या तुझ्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतेय, तो आजपासून बंद करायचा नाही. उद्याची भरती तुला तोच सांगणार आहे.”