कागदाखालचं नाव

प्रयोगशाळेत तपासणी संपेपर्यंत पाकिटावरचं नाव कागदाने झाकलेलं असे. बाळांच्या बिस्किटांत बुरशीचं विष सापडताच तपासनीस बाईंनी विक्री थांबवण्याचा शेरा लिहिला आणि कागद सोलून नाव पाहिलं. याच नावाचं पाकीट आठवड्यापूर्वी त्यांच्या बाळासाठी घरी आलं होतं. त्यांनी लगेच सासऱ्यांना फोन लावला. “बाबा, बाळाने किती बिस्किटं खाल्ली?” उत्तरादाखल नुसता खोकला. “बाबा, सांगा ना!” “सूनबाई, रागावू नकोस. एकही नाही. त्याला मी रोज केळं भरवतो. बिस्किटं मीच संपवली.” साखर वाढल्यापासून बाईंनीच त्यांचं गोड बंद केलं होतं. आता त्याच इतक्या मोठ्याने हसल्या, की शेजारच्या खोलीतून साहेब धावत आले. “चोर कुठले!” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “त्या बिस्किटांत विष निघालंय. आधी डॉक्टर, मग हवं ते गोड खाऊ घालते.” “हवं ते?” फोनवरून बाबा म्हणाले. “तेवढं लिहून दे.”