तिखटाला परदेशी साक्षीदार

“नीलम, काटा-चमचा दे गं तिला,” पराग बायकोला म्हणाला. तोवर पाहुणीने हातानेच वरणभात कालवलासुद्धा.

“शिकली असेल कुठंतरी,” वासंतीबाई म्हणाल्या आणि बरणी पाहुणीपुढे सरकवली. “बाई, तू आणलंस, तूच वाढ.”

कोबीचं लालभडक लोणचं ताटाताटांत पडलं. पराग हरखून म्हणाला, “आई, ह्याला किमची म्हणतात. जगात नाव आहे ह्याचं.”

“असेल बाबा. मला अडाणीला काय कळतंय?”

एप्रिल सरत आला होता. इंद्रलोक सोसायटीतल्या गच्च्यागच्च्यांवर मिरच्या वाळत होत्या, आणि वासंतीबाईंच्या घरात मिरचीचं देठसुद्धा आलं नव्हतं. मुलगा-सुनेचा हुकूमच होता, यंदापासून मसाला बंद. कुणा गोऱ्या डॉक्टराने कॉम्प्युटरवर लिहिलं होतं म्हणे, तिखटाने आतडी जळतात. झालं! रत्नागिरीच्या मिरचीवर पोसलेल्या बाईच्या पुढ्यात रोज सकाळी ओट्सची पेज येऊ लागली. आईने सांगितलं तर तो अडाणीपणा, गोऱ्याने सांगितलं की ज्ञान! वर्षाचा मसाला कुटला नाही तर शेजारणी तोंडावर काही बोलणार नाहीत, पण वाटीभर मसाला विचारत दारात येतील. मसाल्याची बरणी रिकामी म्हणजे घराची अब्रू उघडी.

म्हणूनच गेल्या आठवड्यात त्यांनी जेवता जेवता सांगून टाकलं होतं, “बाजारात एक कोरियाची बाई भेटली. सुमी नाव. रविवारी जेवायला बोलावलंय.”

“कोरियाची? आपल्याकडे?” पराग ताटावरून उठायचाच बाकी होता. सोफ्याची कव्हरं त्याने स्वतःच्या हाताने बदलली.

आता त्याने पहिला घास घेतला. कान लाल झाले. दुसऱ्या घासाला कपाळावर घाम फुटला. पण परदेशी पदार्थाला नावं ठेवील तो पराग कसला! नीलमने गुपचूप पाण्याचा पेला रिकामा केला.

सुमी मोडक्यातोडक्या इंग्रजीत काहीतरी बोलली.

“काय म्हणते रे ती?” वासंतीबाईंनी विचारलं.

पराग नाक पुसत सांगू लागला, “म्हणते, बाहेरदेशचे पाहुणे आले की पहिल्या घासाला रडतात, दुसऱ्याला पाणी मागतात आणि तिसऱ्याला वाडगं पुढे करतात.”

“आणि आतडी? त्यांची जळत नाहीत होय? विचार की.”

परागने विचारलं. “म्हणते, उलट पोट साफ राहतं. सर्दी फिरकत नाही. अमेरिकन लोकसुद्धा आता हेच सांगतात. तिची आजी नव्वदीची आहे, अजून शेतात जाते.”

“बघ हो! अमेरिकन सांगतात म्हणजे खरंच असेल.”

नीलम मात्र सहजासहजी हार जाणारी नव्हती. “आई, हे आंबवलेलं असतं, म्हणून बाधत नाही. आपल्या मसाल्याचं तसं नाही.”

वासंतीबाईंचा घास हातातच राहिला. हातातोंडाशी आलेला मसाला आता जातो की काय! त्यांनी सुमीकडे पाहिलं. सुमी शांतपणे बोटं चाटत होती.

“चिली इज चिली,” ती म्हणाली. “नो चिली, वीक पीपल.”

नीलम उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच तिला सणसणीत शिंक आली. मग दुसरी. मग तिने खोल श्वास घेतला आणि डोळे मोठे केले.

“अय्या! नाक मोकळं झालं! आठवडाभर चोंदलेलं होतं हो, आई.”

आणि तिने स्वतःच्या हाताने आणखी किमची वाढून घेतली.

वासंतीबाईंनी पदर नीट केला. हसू आलं होतं, ते तिथंच दाबलं. जिंकलेल्या माणसाने लगेच दात दाखवू नयेत.

“आई, उद्याच मिरची आणू,” पराग म्हणाला. “बेडगी आणू की लवंगी?”

“मला कशाला विचारतोस? तुझ्या कोरियाला विचार.”

परागने इंग्रजी शब्द जुळवायच्या आतच सुमी म्हणाली, “बोथ!”

सगळे खळखळून हसले. परागने पाहुणीला वाकून नमस्कार केला, तिनेही वाकून केला. नीलमने रिकामी बरणी धुऊन, त्यात साखर घालून तिच्या हातात दिली. रिकामी बरणी परत कशी करायची?

वासंतीबाई पाहुणीला सोडायला खाली निघाल्या. लिफ्टचं दार बंद झालं आणि सुमीने ओढणीने डोळे खसाखसा पुसले.

“पार्लर में रोज कोई ना कोई पूछता है, कौनसे देश से आई हो. आज बोल दिया, कोरिया!” ती म्हणाली. “पर आंटी, पत्ता गोभी में मिर्ची थोड़ी कम डालनी थी आपको. हमारे इंफाल में भी इतना तीखा कोई नहीं खाता!”