पुढचे शॉकअप

हापूसचं भवितव्य गाडीच्या पुढच्या दोन चाकांवर अवलंबून आहे, अशी सलिलची श्रद्धा होती. मालगुंडच्या बागेतून त्याची चार जाड चाकांची स्पोर्ट क्वाड बाइक पेट्या घेऊन कातळावरून धडधडत उतरायची आणि आंब्याला मार लागायचा. पुण्याच्या जुन्या गिऱ्हाइकाने बजावलं होतं, "आणखी एक पेटी अशी आली, तर देवगडचा घेऊ."

तेव्हापासून सलिलच्या जिवाला स्वस्थता नव्हती. पुढचे शॉकअप बदलायचे हे नक्की, पण गॅसचे की स्प्रिंगचे? जेवता जेवता उठायचा, गाडीचं नाक दाबून बघायचा, परत मोबाइलमध्ये डोकं.

"आमटी निवली," बायको मनस्विनी म्हणायची. "गाडी कुठे पळून जात नाहीये."

अखेर परदेशातून शॉकअप आले, मिरजोळ्याच्या गॅरेजात बसले. सलिल पेट्या घेऊन त्याच उतारावरून सुसाट खाली आला.

"लोण्यासारखी उतरली. हँडल हललंसुद्धा नाही."

मनस्विनीने पेटी उघडून वरचा आंबा उचलला. एका बाजूने चेचलेला.

"मग हँडलच पाठव पुण्याला," ती म्हणाली.



पेट्या मागच्या कॅरिअरवर बांधलेल्या होत्या.