माप चुकलेल्या बांगड्या

“आबा, मला दाखवायला न्यायला लागलाय व्हय?”

श्यामलानं विचारून टाकलं एकदाचं. वर्गातल्या पोरींनी पैजच लावली होती, “हिंमत असली तर विचार की वडलांना!” आणि या वर्षी सायकल शिकलेल्या, सगळ्या शाळेसमोर भाषण ठोकून आलेल्या श्यामलाला हिंमत नाही, असं म्हणायची आता कुणाची टाप नव्हती.

गणपतराव ट्रकखाली आडवे झाले होते. त्यांचे नुसते पाय दिसत होते. ते पाय हलायचे थांबले.

“तुला? न्हाय बा,” ट्रकखालून आवाज आला. “तो पाना दे हिकडं.”

आता पायांकडे बघून माणूस खरं बोलतोय की खोटं, हे कसं ओळखायचं?

ट्रक होता लढाईतला. गणपतरावांनी तो लिलावात घेतला आणि उद्यमनगरातल्या आपल्या वर्कशॉपात आणून त्याच्यावर अख्खी लाकडी खोली चढवली. दोन खिडक्या, फुलाफुलांचे पडदे, झोपायला फळ्या, कोपऱ्यात स्टोव्ह. नाताळच्या सुट्टीत दाजीपूरच्या जंगलातून थेट समुद्रापर्यंत जायचं, तेही घर बरोबर घेऊन! गल्लीत असं कुणी कधी गेलं नव्हतं.

पण सहलीला कोरी पिवळी साडी कशाला? आईनं ती ट्रंकेच्या तळाशी दडवलेली श्यामलानं बघितली होती. आणि पोह्यांच्या डब्यात, कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या? तिनं एक चोरून हातात घालून बघितली. ती अंगठ्याच्या हाडापाशीच अडकली. श्यामलाचे हात खो-खोचे, खांब धरून गर्रकन फिरणारे. ‘सख्ख्या आईला माझ्या हाताचं माप माहीत न्हाय!’ राग यायच्या आधी तिला हसूच आलं.

मग रागही आला. पुढच्या साली मॅट्रिक होती. त्याच्या आत कुणी तिला बोहल्यावर चढवायला निघालं असेल, तर ती चार माणसांसमोर सांगणार होती. भाषणासारखं वाक्यसुद्धा तिनं पाठ करून ठेवलं. ‘आई, आबा, मी ठरवलंय. मी लग्न करणार नाही.’

उजाडता उजाडता निघाले. राधानगरीत मामाचं घर अगदी रस्त्यावर, पण गाडी थांबली नाही.

“मामाकडं उतरायचं न्हाय?”

“घर संगं असताना दुसऱ्याच्या दारात कशाला?” गणपतराव म्हणाले. आई समोरच्या रस्त्याकडंच बघत राहिली. एरवी माहेरचं कौल दिसलं तरी तिचे डोळे भरायचे.

गाव लागलं की चिमणाआत्या पडदा ओढून घ्यायची. ती गणपतरावांची धाकटी बहीण. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, त्याला आता दहा वर्षं झाली. श्यामलाची वेणी, श्यामलाचा डबा, श्यामलाची गुपितं, सगळं आत्याच्याच ताब्यात.

दाजीपूरला धुक्यानं रस्ता गिळला. झाडं आपल्या पायांनी चालत यायची, खिडकीत डोकावायची आणि मागं सरून विरघळायची. खोडांवर शेवाळाच्या दुलया. रस्त्याच्या कडेला एक मोठा काळा दगड होता, त्यानं कान हलवला. गवा! गणपतरावांनी इंजिन बंद केलं. गवा धुकं हुंगत कितीतरी वेळ उभा राहिला आणि मग धुक्यातच पुसून गेला. आपण जागे आहोत की आत्याच्या मांडीवर झोपलोय, हेच श्यामलाला कळेना.

आत्यानं आपला बारीक, मोकळा हात खिडकीबाहेर काढून ओल्या फांदीला लावला.

“श्यामे, नव्या गावात, नव्या माणसांत राहायची पाळी आली, तर भ्या वाटंल का गं?”

म्हणजे आत्यालासुद्धा ठाऊक होतं!

“मी कुणाला भितो व्हय?” ती मोठ्यानं म्हणाली. मग जरा हळू, “पहिले चार दिवस आपलं माणूस पाहिजे बघ संगं. मग काय न्हाय.”

“व्हय की,” आत्या म्हणाली आणि पुन्हा फांदीकडं बघत बसली.

फोंड्याचा घाट उतरला आणि वारा खारट झाला. देवगडच्या बाजूला, नारळांच्या बागेत, एका लहानशा देवळापाशी गणपतरावांनी ट्रक उभा केला. समोर समुद्र. श्यामलाला आधी तो आभाळाचाच खाली लोळणारा पदर वाटला. परकर भिजेपर्यंत ती लाटांत धावली आणि अर्धा तास लग्नबिग्न सगळं विसरली.

परत आली तर नृसिंह मास्तर उभे. पूर्वी जयसिंगपूरच्या शाळेत होते तेव्हापासून आबांचे दोस्त, आता इथल्या शाळेत. वय चाळिशीचं, काळी टोपी, हातात अबोलीची वेणी.

“मॅट्रिकला बसणार ना?” त्यांनी विचारलं.

“बसणार म्हंजे बसणारच!”

“बसलंच पाहिजे,” मास्तर म्हणाले. आणि त्यांनी वेणी उगीचच या हातातून त्या हातात घेतली.

श्यामलानं त्यांच्या मागं वाकून बघितलं. पोरगं कुठं लपवलंय? पोरगं दिसलं नाही. देवळात मात्र कुणीतरी दोन पाट मांडत होतं.

“श्यामले, आत ये. दार लाव,” ट्रकमधून आईची हाक आली.

आत पिवळी साडी ट्रंकेतून बाहेर निघाली होती. ताटात हिरव्या बांगड्या. आबा टोपी हातात घेऊन कोपऱ्यात उभे होते, डोळे पुसत. श्यामलानं दोन्ही हात पाठीमागं नेले, मुठी आवळल्या, डोळे गच्च मिटले.

“हात पुढं कर,” आई म्हणाली. “रडू नको गं, माझी बाई ती.”

‘मी कुठं रडायला लागलो?’ श्यामलाच्या मनात आलं.

बांगड्या किणकिणल्या. एक, दोन, तीन. कुठं अडकल्या नाहीत, सरसर चढत गेल्या. श्यामलाच्या मुठी तर अजून पाठीमागंच होत्या.

तिनं डोळे उघडले. बघितलं. आईसमोरचा बारीक हात आत्याचा होता. वाक्याचा पहिला तुकडा पाठच होता. बाहेर मास्तर दचकतील एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली,

“आई, आबा, मी ठरवलंय. आत्याची पाठराखीण म्हणून मी राहणार!”